रुतलेला बॉल

दर विकांताला काहीतरी खरडायचं असं ठरवलंय, तर आजचा विषय गोल्फ. थांबा थांबा, लगेच खिडकी बंद करू नका! मला स्वतःला गोल्फ धड खेळता येत नाही, आणि हा लेख बड्या लोकांच्या खेळाबद्दल नाहीये. हा लेख चिखलाबद्दल आहे. आणि शेवटी थोडासा माझ्याबद्दल.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मला ऑनसाइटला एडिनबराला पाठवलं. जानेवारीतलं एडिनबरा म्हणजे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं, चारला अंधारतं आणि मधल्या वेळात पाऊस. क्लायंटच्या टीममध्ये पन्नाशी ओलांडलेले एक स्कॉटिश गृहस्थ होते. आम्ही देशी मंडळी आपसात त्यांना 'काका' म्हणायचो. एका शनिवारी काका मला महापालिकेच्या गोल्फ मैदानावर घेऊन गेले. (हो, तिथे पालिकेची गोल्फ मैदानं असतात आणि प्लंबरपासून प्रोफेसरपर्यंत कोणीही खेळतं.)

तिसऱ्या होलवर माझा एक शॉट चुकून चांगला बसला. बॉल उंच गेला, फेअरवेच्या मधोमध पडला आणि गायब! टप्पा नाही, घरंगळणं नाही. जवळ जाऊन बघतो तर ओल्या जमिनीत एक गोल खड्डा आणि तळाशी माझा बॉल, वरून नुसतं टक्कल दिसतंय. म्हटलं, गेला हा होल. काका वीसेक पावलांवरून ओरडले, "रुतलाय का?" मी म्हटलं, हो. "मग उचल, पूस आणि ड्रॉप कर. दंड नाही."

मला वाटलं ते बघायला येतील. आले नाहीत. उलट पाठ फिरवून स्वतःच्या बॉलकडे चालू लागले.

गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचणं कठीण आहे. आमच्याकडे बॅटची कड लागली की नाही यावर तीन घरांची पोरं भांडायची आणि शेवटी ज्याची बॅट त्याचा निकाल! इथे मी एकटा खड्ड्यापाशी उभा, आणि मी म्हणेन तोच निकाल. घरी आल्यावर मी या रुतलेल्या बॉलच्या नियमामागे लागलो. सवयीप्रमाणे आधी सगळ्यात जुनी आवृत्ती उघडली.

ती आवृत्ती १७४४ सालची आहे आणि योगायोगाने एडिनबराचीच. शहराने चांदीची गोल्फ काठी बक्षीस म्हणून दिली, स्पर्धा म्हटल्यावर नियम हवेत, म्हणून लीथ या बंदराजवळच्या मैदानावर खेळणाऱ्या मंडळींनी १३ नियम लिहून काढले. फक्त १३! आजचं नियमांचं पुस्तक बघितलंत तर ही संख्या वाचून डोळे भरून येतील. ती पहिली स्पर्धा जिंकणारा जॉन रॅट्रे हा शल्यवैद्य होता आणि नियमांखाली कप्तान म्हणून सही त्याचीच आहे. पुढे हा गडी राजाविरुद्धच्या बंडात सापडला. कलोडनच्या लढाईनंतर, १७४६ मध्ये, पकडला गेला आणि गोल्फमधला सोबती असलेल्या डंकन फोर्ब्स या बड्या न्यायाधीशाने शब्द टाकला म्हणून वाचला. लीथचं मैदान आता सार्वजनिक बाग आहे आणि २०१९ पासून तिथे रॅट्रेचा पुतळाही आहे.

तर त्या १३ नियमांचा सूर काय? बॉल बदलायचा नाही. खेळायला सोयीचं व्हावं म्हणून दगड, हाडं उचलायची नाहीत (फेअरवेवर, तेही काठीच्या लांबीच्या आतली, चालतील). बॉल माणसाला, घोड्याला, कुत्र्याला लागून थांबला तर थांबला तिथून मारायचा. म्हणजे नशिबात आलं ते भोगायचं.

पण दोन नियम वेगळे आहेत. पाचवा म्हणतो, बॉल पाण्यात किंवा पाणथळ घाणीत गेला तर बाहेर काढा, पण प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्या. आणि तेरावा म्हणतो, मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर, खंदक वगैरे हे अडथळे धरायचे नाहीत, तिथून बॉल फुकट काढा. बघा, पुढच्या सगळ्या भांडणांचं बीज इथे आहे. निसर्गाने केलेली अडचण असेल तर किंमत मोजा, माणसाने केलेली असेल तर माफ.

आता सांगा, रुतलेला बॉल कुठल्या खात्यात टाकायचा? जमीन निसर्गाची, पाऊसही निसर्गाचा. पण खड्डा तुमच्याच बॉलने केलेला! १७४४ च्या मंडळींनी याचा उल्लेखच केलेला नाही, आणि त्याचं कारण मला वाटतं त्यांच्या पायाखालीच होतं.

स्कॉटलंडचं जुनं गोल्फ समुद्रकाठच्या 'लिंक्स' जमिनीवर खेळायचे. खाली वाळू, वर आखूड, चिवट गवत. पाऊस पडला की पाणी झिरपून जातं. गंमत म्हणजे त्या काळी गोल्फ हा मुख्यतः हिवाळ्याचाच खेळ होता! कारण उन्हाळ्यात गवत वाढायचं आणि बॉल सापडायचा नाही. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंगने १८३० साली काढलं, तोवर ते काम मेंढ्या करायच्या. म्हणजे हिवाळा हा खेळाचा मोसम, आणि तरी रुतण्याची फारशी धास्ती नाही. शिवाय बॉलही चामड्यात पिसं ठासून शिवलेला असायचा. ओला झाला की तोच फुटायचा, जमीन काय फोडणार.

मग एकोणिसाव्या शतकात हे सगळं बदललं. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा टणक आणि स्वस्त बॉल आला, १८९८ मध्ये हॅस्केलचा रबरी गाभ्याचा. खेळ स्वस्त झाला, रेल्वेबरोबर पसरला आणि शतक संपेपर्यंत समुद्रकाठ सोडून आत इंग्लंडमध्ये शिरला. तिथे खाली वाळू नाही. लंडनच्या आसपास तर चक्क चिकणमाती. भर पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या शेतातून चालत गेला असाल तर मी काय म्हणतोय ते कळेल. चप्पल तिथेच राहते, पाय पुढे येतो. अशा जमिनीवर उंचावरून टणक बॉल पडला की रुतणारच.

आमच्या भाषेत सांगायचं तर एका हार्डवेअरसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायला घेतला आणि बग दिसायला लागले. (गंमत बघा, रुतलेल्या बॉलला नियमांच्या पुस्तकातला शब्दही 'एम्बेडेड'च आहे!)

मग सुरू झाले पॅचेस. १८९७ मध्ये क्लबांनी सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए कडे नियमांचा कारभार सोपवला, १८९९ मध्ये पहिली एकत्रित नियमावली आली. अमेरिकेची यूएसजीए १८९४ पासून वेगळी होतीच. दोघांचं एकच पुस्तक झालं ते थेट १९५२ मध्ये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुतलेल्या बॉलचा जो नियम स्थिरावला तो असा: बॉल स्वतःच्याच आदळण्याने झालेल्या खड्ड्यात असेल, आणि तो खड्डा फेअरवेसारख्या बारीक कापलेल्या गवतात असेल, तर उचला, पुसा, ड्रॉप करा. फुकट.

यामागचं तर्कशास्त्र मला आवडलं. फेअरवेच्या मधोमध पडलेला शॉट हा चांगला शॉट असतो. मैदान आखणाऱ्याने तिथे सापळा लावलेला नाही. मग वरून पाऊस पडला म्हणून चांगल्या शॉटला शिक्षा का? याच न्यायाने वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, बॉल रुतला तर माफी नाही. तो सापळा मुद्दाम ठेवलाय. (तिथे अर्धवट रुतलेल्या बॉलला 'फ्राइड एग' म्हणतात. आपल्या भाषेत हाफ फ्राय.)

आणि फेअरवेच्या बाजूचं वाढलेलं गवत, म्हणजे रफ? तिथे मूळ नियमात माफी नव्हती. पण ज्या त्या मैदानाच्या समितीला 'लोकल रूल' लावून रफमध्येही माफी देता यायची, आणि मोठ्या व्यावसायिक टूरवर तो लोकल रूल सर्रास असायचा. २०१९ मध्ये नियमांची मोठी फेररचना झाली तेव्हा हे उलटं केलं. आता माफी फेअरवे आणि रफ दोन्हीकडे, आणि समितीला हवं तर ती फक्त फेअरवेपुरती मर्यादित करता येते. म्हणजे कोड जवळजवळ तोच, फक्त डिफॉल्ट बदलला. आपल्याला अनुभव आहेच, सगळ्यात मोठे बदल असे एका ओळीत होतात.

ड्रॉपचंही तसंच. पूर्वी होलकडे तोंड करून खांद्यावरून मागे बॉल टाकायचे, १९८४ पासून हात सरळ धरून खांद्याच्या उंचीवरून, आणि २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून. खड्ड्याच्या लगेच मागची जागा धरायची, तिथून एका काठीच्या अंतरात टाकायचा, होलच्या जवळ जायचं नाही.

याशिवाय हिवाळ्याची वेगळी सवलत आहे, 'विंटर रूल्स' किंवा 'प्रिफर्ड लाइज'. यात बॉल रुतायचीही गरज नाही. फेअरवेवर असेल तर उचला, पुसा आणि समितीने ठरवलेल्या अंतरात, बऱ्याचदा सहा इंचांत, हाताने नीट ठेवा. ब्रिटनमध्ये याचा मोसम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. काही क्लबांत तर गवत वाचवण्यासाठी हिवाळ्यात छोटी चटई बरोबर घेऊन फिरावं लागतं, प्रत्येक शॉट चटईवरून! अमेरिकेच्या यूएसजीएने मात्र अनेक वर्षं या विंटर रूल्सकडे नाक मुरडलं. आहे तिथून मारायचं हे तत्त्वच त्याने मोडतं, असं त्यांचं म्हणणं. जुनी खोडं तर 'उचला, पुसा, ठेवा' ऐवजी 'उचला, पुसा, फसवा' म्हणतात. तरीही सवलत पसरत गेली. २०१६ मध्ये बाल्टसरोलला झालेल्या पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी ती लावली, तेही ३१ जुलैला. कसला हिवाळा आणि कसलं काय!

इथवर वाचून वाटेल की ही प्रगतीची गोष्ट आहे. खेळ हळूहळू दयाळू झाला, छान झालं. मलाही तसंच वाटलं होतं. मग मी २०२१ चं टोरी पाइन्स प्रकरण वाचलं.

जानेवारीचाच महिना, कॅलिफोर्निया, फार्मर्स इन्शुरन्स ओपनची तिसरी फेरी. पॅट्रिक रीडचा दहाव्या होलवरचा दुसरा शॉट डावीकडच्या रफमध्ये गेला. टप्पा पडला का, असं त्याने तिथल्या स्वयंसेविकेला विचारलं. ती म्हणाली, मला तरी दिसला नाही. रीडने सोबत्यांना सांगितलं, खूण केली, बॉल उचलला आणि मग पंचाला बोलावलं. पंचाने बोटाने चाचपलं, त्यालाही खड्ड्याची कड जाणवली. फुकट ड्रॉप, पार वाचला. आणि नंतर टीव्हीवर दिसलं की बॉलने टप्पा घेतला होता! उसळलेला बॉल दुसऱ्यांदा पडताना रुतणं जवळजवळ अशक्य. गदारोळ झाला. टूरच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की रीडने सगळं नियमाप्रमाणेच केलं. दुसऱ्या दिवशी तो पाच फटक्यांनी स्पर्धा जिंकला.

अजून गंमत म्हणजे त्याच दिवशी रोरी मॅकिलरॉयनेही अठराव्या होलवर अशीच माफी घेतली होती, पंचाला न बोलावता. नंतर कळलं की त्याच्या बॉलवर एका स्वयंसेवकाचा चुकून पाय पडला होता. त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही, रीडवर मात्र तुटून पडले, कारण रीडचा पूर्वेतिहास वादांचा. नियम एकच, कृती जवळपास एकच, फरक फक्त आधीच्या पतीचा.

आणि नियम काय म्हणतो? खेळाडूने उपलब्ध माहितीवर प्रामाणिकपणे, समंजसपणे निर्णय घेतला असेल तर तो मान्य, मग पुढे व्हिडिओत काही का दिसेना. एवढंच नाही, पूर्वी बॉल रुतलाय का हे बघायला उचलण्याआधी सोबत्याला सांगून त्याला बघायची संधी द्यावी लागायची. २०१९ मध्ये ती अटही काढली. आता खूण करा आणि उचला. काका पाठ फिरवून गेले ते आळसाने नव्हे, नियमालाच तसं अपेक्षित होतं.

मला जाणवलं ते हे. 'आहे तिथून मारा' या नियमाला कोणाच्या शब्दाची गरजच नसते. बॉल तिथे आहे, मारा. पण 'रुतला असेल तर माफी' म्हटलं की कोणीतरी सांगावं लागतं की रुतलाय. आणि बॉल उचलला की पुरावा उरत नाही, उरतो फक्त शब्द. नियम जितका दयाळू, तितकी उधारी शब्दावर जास्त. महाभारतात कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा त्यानेही नियमाची आठवण करून दिलीच होती की! चाक खरंच रुतलं होतं, सगळ्यांना दिसत होतं. तरी माफी मिळाली नाही, कारण आधीचा हिशेब चुकता नव्हता.

आता माझ्याबद्दल. त्या शनिवारी चौदाव्या होलवर माझा बॉल रफमध्ये गेला. ओल्या, दाट गवतात खोल बसला होता. मी बोट घालून चाचपलं. कड लागली. म्हणजे, लागली असावी. आमची कॉफीची पैज होती आणि त्या क्षणी आम्ही बरोबरीत होतो. मी ओरडलो, "रुतलाय!" काका लांबूनच "बरं" म्हणाले. मी ड्रॉप केला, बॉल मस्त गवतावर बसला, होल जिंकला, कॉफीही जिंकली.

पुस्तकाप्रमाणे मी चुकलो का? बहुतेक नाही. पण मला माहितीये की बोट घालण्याआधीच माझं उत्तर ठरलेलं होतं. ते कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही, काकांनाही दिसलं नाही. ती कॉफी चवीला चांगली होती, हे अजून वाईट.

असो. लेख मराठीत आहे, त्यामुळे काका तो वाचणार नाहीत आणि मी सुरक्षित आहे. पण एवढं सगळं लिहून झाल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही. हे पोस्ट केलं की त्यांना एक मेल टाकतोय. एक कॉफी माझ्याकडे लागू.