पत्र्याखालचा बेस

संगणक आमच्या सुप्यात शिकण्यासाठी आला आणि गाण्यासाठी राहिला. रेडिओ-टेप दुरुस्तीचं माझं दुकान पुणे-नगर रस्त्याच्या कडेला होतं. पुढे त्याच दुकानात मी असेंबल्ड संगणक विकायला लागलो, त्यामुळे हे सगळं माझ्या काउंटरवरून गेलं. संगणकाचा इतिहास लिहिणारे प्रोसेसर आणि मेमरी लिहितात. टेबलाखाली पायाशी बसणाऱ्या त्या लाकडी डब्याचं, म्हणजे वूफरचं, कोणी लिहीत नाही, आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ घ्यायचं ते त्या डब्यापाशीच.

सुपा म्हटलं की बाहेरच्या माणसाला शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे आठवतं. ते सुपे बारामती तालुक्यातलं. आमचा सुपा पारनेर तालुक्यातला, नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पस्तीसेक किलोमीटर. डोंगरावर पवनचक्क्या, रस्त्याला लागून एमआयडीसी, उरलेल्या शिवारात कांदा-ज्वारी आणि पाण्याची कायमची ओढ. घरं बरीचशी पत्र्याची. पत्र्याचा मुद्दा पुढे येणार आहे.

वूफर येण्याआधी गावाच्या कानाला मोठा आवाज माहीत होता तो कर्ण्याचा. लग्नाच्या मांडवावर, देवळाच्या शिखराशी, निवडणुकीच्या जीपवर पत्र्याचा कर्णा आणि खाली आहुजाचा अँप्लिफायर. कर्णा लांब ऐकू जावा म्हणूनच बनवलेला असतो. माणसाचं बोलणं तो शिवार ओलांडून नेतो, पण साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं त्याला झेपत नाही. त्यामुळे कर्ण्यावर लागलेल्या लावणीत ढोलकीची टणटण यायची, डाव्या बाजूचा खर्ज यायचाच नाही. तरी ऐकणाऱ्याला तो ऐकू आल्यासारखा वाटायचा. वरचे सूर ऐकून खालचा सूर मेंदू स्वतःच भरून काढतो, हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. शिवाय आमच्या लोकांनी खरी ढोलकी, खरी हलगी, गोंधळातलं खरं संबळ समोर बसून ऐकलेलं होतं. जत्रेत तमाशाच्या फडात पुढच्या रांगेतल्या माणसाला तो ठोका कानाआधी छातीत लागायचा. पुढे वूफर घेताना जो तो शोधत होता, तो हाच ठोका.

घरात खर्ज पहिल्यांदा आणला तो व्हॉल्व्हच्या रेडिओने. मर्फी किंवा फिलिप्सचा मोठा लाकडी सेट, आत कागदी कोनचा रुंद स्पीकर. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी इंजिनिअरांनी १९२५ साली कॉइल आणि कोनचा जो स्पीकर मांडला, त्याचीच ही संतती; आजचा वूफरही त्याच घराण्यातला. मग ट्रान्झिस्टर आला. सोय झाली, पण स्पीकर तळहाताएवढा झाला आणि खर्ज गेला. बातम्यांना खर्ज लागत नाही, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

तक्रार सुरू झाली कॅसेटच्या दिवसांत. टेपरेकॉर्डर घरोघर झाले आणि पोरांना कळलं की कॅसेटमध्ये आहे त्यापेक्षा कमी आपल्याला ऐकू येतंय. मग पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या खेपा. तिथून आणायची आयसी म्हणजे ४४४०. सान्यो कंपनीची ही चिप दोन बाजूंना सहा-सहा वॅट द्यायची, ब्रिज करून जोडली तर एकोणीसच्या आसपास. बारा व्होल्टवर चालते, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालते. माझ्या पिढीच्या प्रत्येक रेडिओ मेकॅनिकने ४४४० जोडूनच हात साफ केला. तिचं नाव आजही कुठल्याही तालुक्याच्या दुकानात काढा, पांढऱ्या केसांचा मेकॅनिक वर बघेल.

आणि स्पीकर कशात बसवायचा? माठात. थट्टा नाही. सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घ्यायला पैसे लागतात. जुना माठ घरात पडलेलाच असतो. माठाच्या तोंडावर सहा इंची स्पीकर उपडा ठेवायचा, नाहीतर बुडाला भोक पाडून बसवायचा आणि तोंड मोकळं सोडायचं. आवाज एकदम भारदस्त. कारण असं की पोकळी आणि तिचं तोंड मिळून हवेचा एक ठरावीक सूर धरतात आणि त्या सुराच्या आसपासचा आवाज फुगवतात. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांनी हेच तत्त्व लाकडी खोक्याला लावलं आणि १९३२ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आज वूफरच्या डब्याला जो गोल पाइप दिसतो, ती ही युक्ती. फरक एवढाच की त्या पाइपची लांबी-रुंदी हिशेबाने काढलेली असते आणि माठाचं तोंड कुंभाराच्या हाताने ठरलेलं. म्हणून माठ एकाच सुरावर घुमायचा आणि सगळी गाणी एकाच गाण्यासारखी लागायची. तरी ऐकताना लोक माना डोलवायचे.

संगणक आला तो एमएस-सीआयटी या संगणक-कोर्सच्या निमित्ताने. एमकेसीएल ही संस्था २००१ साली निघाली, हा कोर्स सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र मागायला लागले आणि मग वर्ग खेड्यापर्यंत पोचले. कोर्स करणाऱ्या पोराचा बाप कधीतरी दुकानात यायचा. कांद्याची पट्टी हातात आलेली असायची, वीस-पंचवीस हजार खर्चायची तयारी असायची. "अभ्यासाला पाहिजे," बाप सांगायचा. पोरगं मागून हळूच विचारायचं, "काका, त्याच्यात बेसवाला स्पीकर येतो ना?"

तोवर बाहेर बरंच घडून गेलेलं होतं. सुरुवातीचा संगणक फक्त टीं-टीं करायचा. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड काढलं तेव्हा त्याला गळा मिळाला. १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हा नमुना ठरवून दिला आणि पुढे आवाजाची सोय मदरबोर्डवरच यायला लागली, वेगळं कार्ड घ्यायची गरज उरली नाही. मागच्या हिरव्या भोकात पिन घातली की झालं. खर्जासाठी वेगळा डबा ही कल्पना मात्र सिनेमाच्या थिएटरातली. १९७४ च्या 'अर्थक्वेक' या इंग्रजी चित्रपटासाठी काही थिएटरांत भलेमोठे खर्जाचे स्पीकर बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या होत्या. १९९२ पासून डॉल्बी डिजिटलमध्ये या आवाजाची स्वतंत्र वाट झाली, तिला 'पॉइंट वन' म्हणतात. दोन बाजूंचे दोन आणि खर्जाचा एक, म्हणून टू पॉइंट वन.

वेगळा डबा चालतो कसा, हे मी प्रत्येक बापाला समजावून सांगायचो. साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. म्हणून टेबलावर दोन छोट्या डब्या, त्यांतून गाणाऱ्याचा आवाज. आणि जड काम करणारा पायाशी, नजरेआड. टेबल लहान असलं तरी भागतं. शिवाय त्या वेळचा मॉनिटर काचेच्या नळीचा. मोठं चुंबक जवळ गेलं की पडद्यावर हिरवे-जांभळे डाग पडायचे. टेबलावरच्या चांगल्या डब्यांतलं चुंबक झाकलेलं असायचं, वूफरचं बहुधा नसायचं. हौसेने वूफर मॉनिटरला टेकवून ठेवणारे घाबरून फोन करायचे, "काका, व्हायरस आला." मी सांगायचो, डबा खाली ठेव, व्हायरस जाईल.

तेव्हा दुकानात क्रिएटिव्ह आणि अल्टेक लॅन्सिंग हे महागडे पाहुणे. खपायचे ते इंटेक्स, झेब्रॉनिक्स, फ्रंटेक. गिऱ्हाईक आधी खोक्यावरचा आकडा वाचायचं. वर ठळक छापलेलं असायचं, पीएमपीओ इतके हजार वॅट. या पीएमपीओला ना माप ना नियम. ज्याने जसा मोजला तसा छापला. खरी गोष्ट डब्याच्या पाठीवर, वायर निघते तिथे बारीक अक्षरात असते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि पुढे तीस-चाळीस वॅट. भिंतीतून चाळीस वॅट घेणारं यंत्र बाहेर दोन हजार वॅट देणार कुठून? विहिरीत आहे त्यापेक्षा जास्त पाणी मोटेत येत नाही, एवढं सांगितलं की शेतकऱ्याला पटायचं. पोराला पटायचं नाही. त्याच्या मित्राकडे तीन हजारवाला असायचा.

आकड्यावरून सुटलेला माणूस ठोक्याशी यायचा. दुकानात लावून बघणं हा तासाभराचा कार्यक्रम. एमपी३ च्या एका सीडीत दीडशेच्या आसपास गाणी, त्यांतलं सगळ्यात धडधडणारं निवडून आवाज पूर्ण. 'नटरंग' चित्रपट आल्यावर २०१० पासून बरीच वर्षं त्यातली ढोलकी ही आमच्या दुकानाची तपासणी होती, आणि २०१६ नंतर सैराट. माझ्या मते दोन्ही तपासणीला उत्तम. नटरंगमध्ये थापेची सुरुवात स्वच्छ कळते. खोटा वूफर तिथेच पकडला जातो, कारण थाप संपली तरी त्याचं घूं चालूच राहतं. सैराटच्या गाण्यांतला वाद्यमेळ अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेला; तिथे नुसता दणका देणारा डबा व्हायोलिनं गिळून टाकतो. पण नुसता दणकाच हवा असणाऱ्याला मी अडवलं नाही. जत्रेतला ठोका घरात हवा म्हणून चार महिने घाम गाळणाऱ्याला शुद्ध आवाजाचं प्रवचन कोणी द्यावं?

खरा घोटाळा घरी गेल्यावर. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेबावीस फुटांची. आमच्या खोल्या दहा बाय बाराच्या. कोपऱ्यात डबा ठेवला की दोन्ही भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगतो. त्यात वर पत्रा. पत्र्याचा एखादा बोल्ट सैल असला की ठरावीक सुराला तो झणझणणारच, मांडणीवरची ताटं त्याला साथ देणार, आणि लोक डबा उचलून दुकानात आणणार, "स्पीकर फाटलाय." दुकानात तो नीट वाजायचा. असे कितीतरी 'फाटलेले' वूफर मी पत्र्याचे बोल्ट आवळायला सांगून परत पाठवले. माजघरातली आजी याहून सरळ निदान करायची: "बंद कर रे, छातीत धडधडतंय."

विजेचं दुखणं वेगळंच. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसायच्या आणि खाली संगणक बंद. वीज यायची तीही कमी दाबाने, आणि आतल्या साध्या ट्रान्सफॉर्मरला कमी दाब मिळाला की ठोका रडतो. घरांना अर्थिंग नसायचं, म्हणून गाणं नसतानाही डब्यातून हम यायचा. तोही पन्नास-शंभर हर्ट्झचा, म्हणजे वूफरच्या अगदी आवडीचा. दुरुस्तीला येणाऱ्या डब्यांचा निकाल बहुधा पाइपमधून लागायचा. आत पालीची अंडी, उंदराने कुरतडलेल्या वायरी, शिवाराची धूळ. पाल सर्किटवर चढली की आयसी उडायची. बाजारातले निम्मे डबे टीडीए २०३० या आयसीवर चालायचे आणि ती स्वस्तात मिळायची, म्हणून कोणी रडलं नाही. पाइपच्या तोंडावर जाळी लावून द्यायची सवय मला तेव्हाची. कंपन्यांना ती का सुचली नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

याच काळात मिरवणुकीतला डीजे वाढला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. ट्रॉलीवरच्या स्पीकरांच्या भिंतीपुढे हे आकडे कागदावरच राहिले. घरातला वूफर आणि तो डीजे यांना एका माळेत ओवू नये असं माझं मत आहे. वूफरच्या बटणापर्यंत आजीचा हात पोचतो.

पुढे स्मार्टफोन आला आणि संगणक माळ्यावर गेला. टीव्ही चपटा झाला आणि त्याच्या पोटात स्पीकरला जागाच उरली नाही, तेव्हा तोच जुना वूफर टीव्हीखाली आला. संगणकाच्या नावाने विकलेले कितीतरी डबे आज टीव्हीला जोडलेले आहेत. काहींचा कोन मी दोनदा बदलला आहे. नवी पोरं ब्लूटूथचा साउंडबार घेतात. खोक्यावरचा आकडा मात्र अजून मोठाच असतो.

तेव्हा घ्यायचाच असेल तर दुकानात डबा उलटा करा आणि पाठीवरचे वॅट वाचा. डबा प्लास्टिकचा नको, लाकडाचा किंवा एमडीएफचा घ्या; हातात जड लागला पाहिजे. बेसचं बटण वेगळं असलंच पाहिजे. आपली गाणी सोबत न्या, आवाज निम्म्यावर ठेवून ऐका. घरी डबा कोपऱ्यापासून हातभर लांब ठेवा, पाइपला जाळी लावा, आणि पत्र्याचे बोल्ट आधी आवळून घ्या.