हिमालयवारीचा जमाखर्च

सुरत सोडून गाडी तापीचा पूल ओलांडते, उतराण मागे पडते आणि पुढचे छोटे स्टेशन लागते ते कोसाडचे. मडगावहून उत्तरेकडे जाणाऱ्या ज्या गाड्या सुरतेवरून जातात, त्या तिथे थांबत नाहीत. कोसाड गाव आता सुरत शहरातच जमा झाले आहे. पण बी.बी.सी.आय. रेल्वेचा अगदी पहिला टप्पा, अंकलेश्वर ते उतराण, फेब्रुवारी १८६० मध्ये सुरू झाला आणि कोसाड त्याच पट्ट्यात येते. हे रूळ १८६१ साली बडोद्याला आणि १८६४ साली मुंबईला पोचले.

मुंबईकडून बडोद्याला जायचे तर वाट हीच. १९१० साली दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर नावाचा मराठी तरुण बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागला. जन्म साताऱ्याचा (१८८५), घराणे मूळचे सावंतवाडीकडच्या कालेलीचे, शिक्षण फर्ग्युसनचे. गंगनाथमध्ये शिक्षकांना घरातल्या नात्यांनी हाक मारत. तिथेच ते 'काका' झाले, आणि विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा'.

गोमंतकीय मराठी वाचकाला काका कालेलकर आठवतात ते बहुधा भाषावादामुळे. त्यांनी कोकणीची बाजू घेतली, रवींद्र केळेकर १९४९ मध्ये त्यांच्याकडे वर्ध्याला गेले, आणि पुढे जे झाले ते आपण सगळे जाणतो. तो वाद आज बाजूला ठेवू. मला बोलायचे आहे ते काकांच्या पायी प्रवासाविषयी.

विद्यालय राष्ट्रीय बाण्याचे. इंग्रज सरकारचा बडोदा संस्थानावर दबाव आला आणि ते बंद पडले. नोकरी गेली. १९१२ मध्ये हा संसारी माणूस स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह हिमालयात निघाला. गाठीशी पैसा बेताचाच. मैदानात तिसऱ्या वर्गाचा डबा आणि डोंगरात स्वतःचे पाय. या भटकंतीवरचे 'हिमालयनो प्रवास' हे पुस्तक गुजरातीत १९२४ साली आले आणि पुढे मराठीतही आले. गुजराती प्रवासवर्णनात त्याचे स्थान फार वरचे आहे.

असे प्रवास वाचताना आपण म्हणतो, केवढे धाडस! धाडस होतेच. पण मी पडलो कारकून. प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात माझी उमर चालली आहे. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो खर्चाचा. रिकाम्या खिशाने माणूस गंगोत्री-केदारकडे जाऊ शकत होता, तर त्याचा खर्च कोण करत होते?

पहिले उत्तर चट्टीचे. गढवालच्या यात्रामार्गावर काही काही मैलांवर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे दुकान आणि धर्मशाळा एकत्र. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यायचे. रात्रीची जागा आणि स्वयंपाकाची भांडी त्यातच मिळत. वेगळे भाडे नाही. मात्र वाट चढत जाई तसा पिठाचा भाव चढे, कारण माल माणसांच्या, खेचरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरून वर येई. आपल्याकडे देवळाच्या अग्रशाळेत महाजनांना उतरायला जागा मिळते, तिथे कुळाचे नाते लागते. चट्टीत तेवढेही लागत नसे, शेरभर पीठ घेतले की झाले.

दुसरे उत्तर सदावर्ताचे. ऋषिकेशला काली कमलीवाले बाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वामी विशुद्धानंदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यात्रेच्या वाटेवर धर्मशाळा आणि अन्नछत्रांची साखळी उभी केली. साधूंना चिठ्ठी मिळे आणि ती दाखवली की पुढच्या ठिकाणी शिधा मिळे. पैसा शेठसावकारांचा. लक्ष्मणझुल्याला पूर्वी दोरांचा पूल होता. तिथे लोखंडी पूल १८८९ मध्ये झाला तो कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांच्या देणगीतून. १९२४ च्या पुरात तो वाहून गेला आणि १९३० मध्ये नवा झाला. त्याही आधी, अठराव्या शतकात, अहिल्याबाई होळकरांनी या वाटांवर धर्मशाळा बांधल्या होत्या.

तिसरे उत्तर कडू आहे. कुमाऊँत 'कुली बेगार' चाले. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला की गावकऱ्यांनी ओझी वाहायची, दूध-लाकूड पुरवायचे. मजुरी मिळाली तर नाममात्र. कोणाची पाळी ते गावच्या रजिस्टरात लिहिलेले असे. साहेबाचा प्रवास स्वस्त होई तो असा. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात बद्रीदत्त पांडे आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी ती रजिस्टरे शरयूत बुडवली. रजिस्टरांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग वाचताना काटा येतो.

आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर खर्च कधी नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्या हेडखाली पडतो. काकांच्या वाटेवर तो दानाच्या हेडखाली पडला, आणि नवरा डोंगरात असताना घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या हेडखालीही. साहेबाच्या वाटेवर तो गरिबाच्या पाठीवर पडला. दोघेही स्वस्तात फिरले, पण दोन्ही हिशेब एक नव्हेत. काकांनी घेतले ते कोणी तरी राजीखुशीने दिलेले होते. म्हणूनच त्यांनी पुढे आयुष्यभर शिकवून, लिहून, तुरुंग सोसून ते फेडले असे मला वाटते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर मोटाररस्ते वर सरकत गेले आणि चट्ट्या ओस पडत गेल्या. केळेकरांचे 'हिमालयांत' हे कोकणी प्रवासवर्णन त्या बदललेल्या काळातले. १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मराठीवाल्यांनीही ते वाचावे, भाषेचा राग न धरता.

आजही आपली मुले पाठीवर पिशवी टाकून 'इतक्या कमी पैशांत स्पिती केले' असे अभिमानाने सांगतात. जरूर जावे. तरुणपणी नाही तर केव्हा? फक्त परत आल्यावर एकदा हिशेब मांडावा. ओझे कोणी वाहिले, पुरेशी मजुरी दिली का, मागे कचरा किती टाकला, ज्याच्या घरी फुकट जेवलो त्याच्या घरात त्या दिवशी पीठ किती होते. बिल पास करण्याआधी एवढे तपासावेच लागते.