सजीव ऊर्जा कशी मिळवतात?

वाढ, हालचाल, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता आणि पुनरुत्पादन ही सजीवांची लक्षणे शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु यातील एकच लक्षण घेऊन सजीव-निर्जीव असा भेद करता येत नाही. मिठाचा स्फटिकही वाढतो. वणवा ऑक्सिजन घेतो आणि पसरतो. याउलट खेचराला सहसा संतती होत नाही, तरी ते सजीवच असते. या सर्व लक्षणांच्या मुळाशी चयापचय असतो. बाहेरून मिळवलेली ऊर्जा खर्च करून प्रत्येक पेशी स्वतःची रचना टिकवून धरते. कोरड्या बियांमध्ये ही क्रिया अत्यंत मंदावलेली असते आणि पाणी मिळताच ती वेग घेते. विषाणूंकडे ऊर्जानिर्मितीची स्वतःची यंत्रणाच नसते. त्यामुळे त्यांना सजीव म्हणावे की नाही, याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

ऊर्जा मिळवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. हिरव्या वनस्पती, शैवाले आणि काही जीवाणू सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून शर्करा तयार करतात. हे प्रकाशसंश्लेषण होय. प्राणी, कवके आणि बहुसंख्य जीवाणू इतरांनी तयार केलेल्या अन्नावर जगतात. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर आढळणाऱ्या दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पतींविषयी मात्र एक गैरसमज आहे. या वनस्पतींना ऊर्जा मिळते ती प्रामुख्याने प्रकाशापासूनच. तेथील निकृष्ट मातीत कमी पडणारे नायट्रोजनसारखे घटक त्या कीटकांपासून मिळवतात.

तिसरा मार्ग रसायनसंश्लेषणाचा. गंधकाच्या संयुगांपासून ऊर्जा मिळवणारे जीवाणू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८८७ मध्ये दाखवून दिले. १९७७ मध्ये ‘अल्विन’ या पाणबुडीतून गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर उष्ण झरे पाहण्यात आले. सूर्यकिरण न पोहोचणाऱ्या त्या अंधारात जीवसृष्टी बहरलेली होती. तेथील प्रौढ नलिकाकृमींना तोंड किंवा आतडे नसते. त्यांच्या शरीरातील जीवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून त्यांना अन्न पुरवतात. अर्थात यासाठी लागणारा समुद्राच्या पाण्यातील ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. सूर्याशी असलेले नाते तेथेही पूर्णपणे तुटत नाही.

मार्ग वेगवेगळे असले, तरी पेशींच्या व्यवहारातील चलन एकच आहे. ते म्हणजे ‘एटीपी’ हा रेणू. १९२९ मध्ये त्याचा शोध लागला. विरजणातील जीवाणू ऑक्सिजनशिवाय दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. अशा किण्वनात ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे साधारण दोनच रेणू मिळतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने संपूर्ण विघटन झाल्यास ही संख्या सुमारे ३० पर्यंत जाते. पेशीतील तंतुकणिकांमध्ये हे कार्य कसे चालते, याचा सिद्धांत पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडला. त्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एटीपीचा मोठा साठा शरीर करू शकत नाही. तो सतत तयार होतो आणि लगेच खर्चही होतो. सायनाइड प्राणघातक ठरते, ते श्वसनाची अखेरची पायरी रोखल्यामुळे. पोटात अन्न आणि रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी ऊर्जेवाचून मरतात. हृदय बंद पडल्यास मेंदूच्या पेशींना अवघ्या काही मिनिटांत इजा होऊ लागते. अशा प्रसंगी वैद्यकीय मदत येईपर्यंत छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याला एवढे महत्त्व आहे, ते याच कारणामुळे.