लिनक्सवरील ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर : एक ऐतिहासिक टिपण

दासोपंतांनी (१५५१–१६१५) अंबाजोगाईस पंचीकरणाचे विवेचन सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर लिहिले. ते वाचावयास डोळे व उजेड एवढेच पुरे होते. आज बीड जिल्ह्यातील एखादा अभ्यासक तिचे छायाचित्र संगणकावर पाहू लागला, तर अक्षर व डोळा यांच्यामध्ये ग्राफिक्स कार्ड आणि त्यास चालविणारा ड्रायव्हर उभा असतो. त्या ड्रायव्हरचे ज्ञान कोणाच्या स्वाधीन असावे, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेतलाच होय.

महाराष्ट्रात पडद्यावरील अक्षर एकेकाळी खास कार्डावरच अवलंबून होते. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकने, कानपूरच्या आय. आय. टी.तील काम पुढे नेऊन, 'जिस्ट' कार्ड प्रचारात आणले. ते संगणकात बसविले की डॉसवर देवनागरी उमटे. पुढे लिपीची व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि त्या कार्डाचे प्रयोजन सरले.

लिनक्सचा (१९९१) मार्ग निराळा. आरंभी पडद्याचा कारभार एक्स सर्व्हरकडे असे. मॉनिटरची वारंवारता वापरणाऱ्यानेच फाइलीत लिहावयाची, आणि ती चुकल्यास मॉनिटर बिघडण्याची धास्ती. २००९ पासून हे काम कर्नेलकडे येऊ लागले, तेव्हा मूळचा कलह अधिक तीव्र झाला. कर्नेल जीपीएल परवान्याखाली खुले, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंदिस्त. असे मॉड्यूल चढविताच कर्नेल आपण 'टेंटेड', म्हणजे विटाळलो, अशी नोंद करते. शब्द कठोर खरा, पण अनाठायी नव्हे. एएमडीने २००७ पासून आपली तांत्रिक कागदपत्रे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मात्र स्वयंसेवकांनी त्यांचे वर्तन निरखून 'नूव्हो' हा ड्रायव्हर रचला; तो २०१० मध्ये कर्नेलात दाखल झाला.

स्थापनेच्या प्रचलित रीतीत हा इतिहास दिसतो. प्रथम कार्डाची पिढी ओळखावी. नूव्होस काळ्या यादीत घालावे. मग कंपनीचे मॉड्यूल चालू कर्नेलशी जुळवून घडवावे. कर्नेल बदलले की ते पुन्हा घडवावे लागते, आणि सिक्युअर बूट चालू असल्यास त्यावर स्वाक्षरीही हवी. खुल्या ड्रायव्हरास यातील काहीच लागत नाही, कारण तो कर्नेलाबरोबरच येतो.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेल मॉड्यूलांची मूळ संहिता खुली केली, परंतु ट्यूरिंग व त्यापुढील पिढ्यांपुरतीच. त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्या फर्मी पिढीस चालविणाऱ्या ३९० शाखेची निगा थांबली. जेथे जुना संगणक टाकून देणे परवडत नाही, तेथे त्या कार्डांना आता नूव्होवाचून वाली उरलेला नाही.