नवं टाकू का जुनंच चालू देऊ?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून चौसाळ्यातले दुकानदार, ऑनलाइन सेंटरवाले हाच प्रश्न विचारतात. संगणकाच्या जगात हा वाद तीस वर्षांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९३ साली इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानं डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली सुरू केली. तिथं पुढं तीन पायऱ्या ठरल्या. नवं सॉफ्टवेअर आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं. काही दिवसांत मोठा दोष निघाला नाही तर 'टेस्टिंग'मध्ये जातं. मग नवी भर थांबवून फक्त दोष काढतात आणि 'स्टेबल' बाहेर पडते. आपण नवं बियाणं आधी दोन सऱ्यांत लावून बघतो, तसंच हे.

पण या सावधपणाला किंमत होती. जुलै २००२ नंतरची स्टेबल थेट जून २००५ ला आली. लोक वैतागले. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ ला, डेबियनवरच बेतलेलं उबुंटू आलं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती! पण ऑफिसातले सगळे संगणक वर्षात दोनदा कोण बदलणार? शेवटी २००६ मध्ये उबुंटूलाच दीर्घ सपोर्टची 'एलटीएस' आवृत्ती काढावी लागली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय प्रणाली आणली, तीही डेबियनच्या पायावर.

मग जुनंच बरं का? तसंही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसनं जगभरातल्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ लाच संपला होता.

घाईचाही दाखला आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले. मुंबई विमानतळावरही विमानं रखडली.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट कळते. आवृत्ती नवी की जुनी हे नंतर बघा. तिची दुरुस्ती आज कुणी करतंय का, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधी विचारा. कामाच्या मशीनवर सपोर्ट चालू असलेली स्थिर आवृत्ती ठेवा, सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी घ्या. नवलाई बघायची तर दुसऱ्या, रिकाम्या मशीनवर.

सेंटरवाल्या मित्रांनो, तुमच्या संगणकात गावाचे आधार, पासबुकं, सातबारे आहेत. ते सांभाळायचं काम आता तुमच्याकडं आहे. तेवढी ती तारीख आजच बघून घ्या.