पाटणचा मठ

खानदेश म्हटला म्हणजे कापूस, केळीं आणि कडक ऊन एवढेंच पुष्कळांस आठवतें. मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी चाळीसगांवीं थांबते. धुळ्याचे उतारू तेथें गाडी बदलतात; बाकीचे दक्षिणेकडील निळसर डोंगर खिडकींतून पाहतात आणि पुढें जातात. त्या डोंगरांच्या पायथ्याशीं, चाळीसगांवापासून सुमारें १८ किलोमीटरांवर, पाटण आहे. सकाळीं निघालेला प्रवासी सर्व पाहून दिवेलागणीला परत येऊं शकतो.

पाटण म्हणजे शहर. पण शहर तेथें आज उरलेलें नाहीं. रान आहे, ओढा आहे, आणि चंडिकेचें जुनें दगडी देऊळ आहे. देवीच्या नांवावरूनच लोक या जागेस पाटणादेवी म्हणतात. जवळच महादेवाचें कोरीव देऊळ उभें आहे. त्यांत शके १०७५, म्हणजे इ. स. ११५३ चा शिलालेख आहे. कड्यांत नागार्जुनाची कोठडी म्हणून ओळखलें जाणारें जैन लेणें आहे, आणि घाटमाथ्याकडे पितळखोऱ्याचीं त्याहूनही पुरातन बौद्ध लेणीं आहेत. तिन्ही धर्मांचीं स्थानें एका डोंगराच्या कुशींत नांदलीं.

परंतु पाटणचें खरें वैभव एका दगडावरील अक्षरांत आहे. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी यांनीं येथील भवानीच्या देवळांतला हा लेख १८६५ सालीं जगापुढें आणला. पुढें कीलहॉर्न या जर्मन पंडितानें तो पुन्हा तपासून प्रसिद्ध केला. लेख १२०७ सालचा. त्या वेळीं देवगिरीस यादव सिंघण राज्य करीत होता, आणि पाटणास त्याचे मांडलिक निकुंभ वंशाचे राजे होते. सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे सिद्धांतशिरोमणि आदिकरून ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला. निकुंभ राजा सोइदेव यानें श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठास दान दिलें. ज्या शास्त्रानें ग्रहण वर्तवावें, त्याच शास्त्राच्या अभ्यासास ग्रहणाचा मुहूर्त लाभला!

लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा आहे; पण दानाचा तपशील येतांच भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पाटणच्या पेठेंत जो माल विकला जाईल त्यावरील राजाच्या कराचा वांटा मठास द्यावा. गिऱ्हाइकाकडून पांच सुपाऱ्या घ्याव्यात. जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल मिळावें. माप करणें तें मठाच्याच मापानें करावें. वंशाचें वर्णन पंडितांनीं वाचावें, पण तेल देणें तेल्याला आणि सुपारी देणें गिऱ्हाइकाला. ज्याला द्यावयाचें त्याला तें समजलें पाहिजे, म्हणूनच येथें मराठी आली असावी. ज्या मोजक्या शिलालेखांत जुनी मराठी जपली गेली आहे, त्यांत पाटणच्या या ओळींची गणना होते.

भास्कराचार्य पाटणचेच, असें अभिमानानें सांगतात. त्यांनीं स्वतः आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगितलें आहे, आणि तें कोणतें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. मात्र त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास जैत्रपाल यादवानें याच नगरांतून नेऊन पंडितांचा अग्रणी केलें, असें हा लेख सांगतो. जन्मस्थानाचा वाद मिटला नाहीं म्हणून पाटणचें महत्त्व कमी होत नाहीं. थोर पुरुष कोठें जन्मावा हें गांवाच्या हातीं नसतें. त्याची विद्या पुढें चालवावी कीं नाहीं हें मात्र गांवाच्या हातीं असतें.

पाटणची पेठ गेली, घाणे थांबले, मठाचा मागमूस उरला नाहीं. लीलावती मात्र १५८७ सालीं अकबराच्या दरबारांत फैजीनें फारशींत नेली, आणि १८१७ सालीं कोलब्रूकनें इंग्रजींत. हे ग्रंथ शतकानुशतकें जिवंत राहिले, त्याला ते पढविणारे आणि पढणारे कारण झाले. आणि त्यांच्या दिव्याला पाटणच्या तेल्यानें पळीभर तेल घातलें होतें. देवीला नवरात्रांत नारळ वाहणाऱ्या यात्रेकरूनें परततांना त्या पळीभर तेलाचीही आठवण ठेवावी.