जिवतीचे चित्र: बोरघाटाखालील भिंत आणि कागद

बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, महाराष्ट्रात इतरत्र आहे त्याप्रमाणेच, आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, जिवतीचा कागद भिंतीवर लावून श्रावणभर, विशेषतः शुक्रवारी, त्याची पूजा करण्याची रीत आहे. मुलाबाळांच्या आयुष्यासाठी पुजले जाणारे हे चित्र आज छापील मिळत असले, तरी त्याच्या मागे शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर हाताने देव काढण्याची फार जुनी परंपरा उभी आहे. महाभारताच्या सभापर्वातील प्रचलित पाठात जिवतीशी जोडली जाणारी जरा ही राक्षसी, दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला सांधल्यानंतर, आपण गृहदेवता असल्याचे सांगते आणि जो आपले मुलांसह असलेले रूप घराच्या भिंतीवर भक्तीने रेखाटील त्याची भरभराट होईल, असे आश्वासन देते. भित्तिचित्राचा विधी चित्रित देवतेच्याच तोंडी यावा, हे सहसा आढळत नाही.

श्रावणातील इतर व्रतांतही घरातच देव रेखाटण्याची ही रीत दिसते. शनिवारी नृसिंहाचे चित्र खांबावर किंवा भिंतीवर काढून पूजा होई. बुध-बृहस्पतींच्या कहाणीत तर संततीसाठी पाळण्यावर, द्रव्यासाठी पेटीवर आणि धान्यासाठी कोठीवर त्यांच्या आकृती काढण्यास सांगितले आहे. छापील कागदावर वरच्या बाजूस नृसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये मुलांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्तीवरील बुध व वाघावरील बृहस्पती असतात. घरभर विखुरलेली व्रतांची चित्रे छापखान्याने एका कागदावर गोळा केली, असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरू नये. या मांडणीला अर्थाचे सूत्रही आहे: नृसिंह बालभक्त प्रल्हादासाठी प्रकटतो, कालियाच्या डोहात उडी घेणारा कृष्ण स्वतःच बालक आहे, आणि जरेच्या रूपाने तर बालकांना भय असलेली शक्तीच त्यांची राखणदार होते. बुधाच्या हातातील अंकुश आणि बृहस्पतीचा चाबूक यांचा मनोनिग्रहाशी जोडला जाणारा अर्थ मात्र उत्तरकालीन वाटतो; कहाणीतले हे मामा-भाचे घरात सुबत्ता आणणारे आहेत, संयमाचा पाठ देणारे नव्हेत.

देवांची छापील चित्रे या भागाच्या आवाक्यात येण्यास भूगोल अनुकूल होता. पळसदरी-खोपोली लोहमार्ग 1856 मध्ये आणि बोरघाटातील मार्ग 1863 मध्ये सुरू झाल्याने हा पट्टा मुंबई व पुणे या दोन्ही मुद्रणकेंद्रांशी जोडला गेला. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा या छापखान्याची स्थापना झाली. राजा रविवर्मा यांचा 1894 मध्ये मुंबईत निघालेला शिळाछापखाना 1899 च्या सुमारास घाटावर, लोणावळ्याच्या पलीकडे, मळवली येथे गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला.

या छापखान्यांतील लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे काचेच्या चौकटीत वर्षभर टांगली जात. जिवतीचा कागद मात्र रूढीनुसार बिनचौकटीचाच राहिला. श्रावण सरताच पिठोरी अमावास्येला तो उतरवला जातो, आणि सारवणाबरोबर पुसल्या जाणाऱ्या भित्तिचित्राप्रमाणे दर वर्षी नवा आणावा लागतो.